लडाखचा काळा दगड

—नाही नाही, उचलू नका अजून, शेषगिरी. आधी कॉफी घ्या. साखर स्वल्प कमी पडली का? छापायच्या फोटोला उशीर होतोय तर होऊ दे की. नंदू ऑफिसातनं येईलच, दगड काय पळून जातोय? तुम्ही त्याच्याच भूगर्भ खात्यातले, तुम्हांला मी काय सांगायचं—पण मला तो बालवाडीतल्या पोरीसारखं समजावतो. आई, हा थिजलेला लाव्हा. वरनं बर्फ घासत गेला असेल तर ओरखडे पडतात. ओरखडे असले तर लाव्हा आधीचा, बर्फ नंतरचा. नसले तर मग लाव्हा अलीकडचा, बर्फ वितळल्यावर वाहिलेला. नंदू म्हणत होता, जुनाच. मोठे साहेब म्हणाले, मग ओरखडा दाखव की! सगळ्यांपुढं हसले हो त्याला. रागारागानं दगड मागच्या दारी टाकला आणि फिरतीवर निघून गेला. चीनच्या लढाईपासनं तिकडं लडाखात कुणाला सोडत नाहीत, म्हणजे पुन्हा जाऊन बघायचीही सोय नाही. सगळी भिस्त ह्या एका दगडावर.

आणि मग फिरतीवरनं आला, तिरक्या उन्हात दगड धरला आणि ओरडला—आई, ओरखडे! मला धरून गरगर फिरवलं. हे गेल्यापासनं असा हसलेला बघितलाच नव्हता मी त्याला. अशा वेळी कोण तोंड उघडेल? तुम्ही उघडलं असतं?

कशाबद्दल म्हणजे? कशाबद्दल नाही... ती डावी बाजू फोटोत घेऊ नका, एवढंच. का काय—उजेड बरा नाही... अहो, इथं बेंगळुरात सगळा पांढरट दगड, त्याच्यावर विळी घासली की होती ती धारही जाते. आमच्या निपाणीकडं काळा फत्तर. पाणी शिंपडून चार हात मारले की झालं. तो फिरतीवर गेल्यावर मागच्या दारी हा दिसला, अगदी गावाकडचा; कुठला ते मला तेव्हा काय ठाऊक! वाटलं, मी धारेची किरकिर करते म्हणून पोरानंच मागवला. जिवाला इतकं बरं वाटलं! रोज विळी घासत होते—

असं काय बघताय? सगळे माझे नसतील. एखादा तरी बर्फाचा असेल की. नसेल? दगड खाली का ठेवलात?

लाज वाटते हो मला. त्याचा आनंद मोडवेना म्हणून गप्प बसले, आणि आता पोरगं जगापुढं तोंडघशी पडणार, माझ्यापायी—

सायकल वाजली. नंदूच.

ये रे. बस इथं. हातपाय नंतर धू. शेषगिरी, तुम्ही आता जावा. फोटो काढायचा नाही.