पूर्ण अंधार करणारं कापड

नाही हो दादा, हे नको — जाड आहे, मान्य, पण तुम्ही उजेडाकडे धरलंत की पलीकडून तुमची बोटं दिसतायत मला. असलं दाखवा की भर दुपारीही माणसाला चाचपडत जावं लागेल. रंग कुठलाही चालेल. फुलांचं असलं तरी चालेल, अंधारात फुलं बघतंय कोण?

हसा, हसा. अहो, माझं कामच अंधाराचं आहे — प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते मी, उंदीरबाई म्हणतात मला, पाठीमागे नाही, तोंडावर. मेलाटोनिन ऐकलंय? नसेल ऐकलं. डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, अंधार पडला की ती हे रक्तात सोडते आणि दिवा लागला की हात आखडता घेते. झोपेचं औषध म्हणून लोकांना ठाऊक असतं, पण आम्ही बघतो ते हृदयासाठी. उंदराच्या हृदयाचं रक्त थोडा वेळ अडवायचं आणि मग मोकळं सोडायचं — आता तुम्हाला वाटेल, मोकळं झालं म्हणजे सुटला बिचारा. कसला सुटतोय! बंद नळाला एकदम पाणी आलं की कसं गढूळ, फसफसत, खालचं भांडं उलथवत येतं? तसं रक्त परत येतं आणि उपाशी राहिलेल्या स्नायूंचं आणखी नुकसान करतं. मेलाटोनिन दिलेल्या उंदरांत ते नुकसान कमी होतं. डोळ्यांनी बघितलंय मी. — माणसांत? माणसांत अजून छातीठोक सांगता येत नाही, कुठे गुण दिसला, कुठे नाही. म्हणून गोळीबिळी नाही. डॉक्टरांनी बजावलंय, त्यांच्या औषधांत माझी लुडबूड नको. पण अंधाराला तर कुणाची चिठ्ठी लागत नाही ना?

हो — घरीच. नवरा. गेल्या महिन्यात झटका आला. गणिताचा मास्तर आहे, स्ट्रेचरवरून मला म्हणतो कसा, आता तरी उंदरांइतकं लक्ष देशील ना माझ्याकडे? अशा वेळीसुद्धा टोमणा. डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली नळी उघडली, रक्त सुरू झालं, सगळ्यांनी अभिनंदन केलं माझं — आणि मी तिथे उभी, ते नळाचं पाणी आठवत. इतकी वर्षं शिकलेलं सगळं त्या एका क्षणी अंगावर आलं बघा. न शिकलेली बायको असते तर पेढे वाटले असते. — नाही, नाही, आता छान आहे. सकाळी फिरतो, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. फक्त रात्रीची झोप नीट नाही. म्हणून हा पडदा.

काय म्हणालात? रस्त्यावरचा दिवा येतो का? नाही, खिडकी मागच्या बाजूला आहे, समोर शेजाऱ्यांची भिंत. तिकडे काळोखच असतो. मग उजेड — उजेड आतलाच. उशाशी दिवा आहे ना. छोटासाच आहे हो. — तो नाही लावत, मी लावते. दिसायला नको का, छाती वरखाली होतेय की नाही? तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. पूर्वी दिव्याची गरजच नव्हती, असा घोरायचा की भिंतीपलीकडचे शेजारी तक्रार करायचे, मी स्वतः किती भांडले त्याच्याशी. घरी आल्यापासून घोरणं बंद. आवाज नाही म्हटल्यावर मला धडकी भरते, मग मी दिवा लावते, मग बघत बसते...

आणि दिवा लावला की तो झोपत नाही. झोपत नाही म्हणून घोरत नाही. अगं बाई. डोळे मिटून पडून राहत असेल तो, मला बरं वाटावं म्हणून. मी उंदरांच्या पिंजऱ्यावर स्वतः काळं कापड टाकते हो, कुणी दार उघडलं तर ओरडते त्याच्यावर —

नको, कात्री ठेवा खाली. कापू नका. माफ करा, दुकानभर ठाणं उलगडायला लावली तुम्हाला. दिवा बंदच करते आज. भीती वाटेल मला, वाटू दे — थोडा वेळ वाटेल, मग तो घोरायला लागेल. येते मी.