तीन महिन्यांची कावीळ

निंगव्वा : व्हय की मुक्ताक्का, पन काविळीच्या मानसाला शेंगाची चटणी? तेल सुटलंय बघ तिला!

मुक्ताबाई : तेल सुटल्याशिवाय तिला चटणी म्हणत नाहीत. सोलापूरची बाई असून तेलाला भितेस? उखळातला हात काढ. सयाजीने आज सकाळी स्वतः होऊन मागितली आहे. स्वतः होऊन, निंगव्वा! "आई, चटणी आणि कडक भाकरी दे," म्हणाला. तीन महिने माझ्या मुलाला मीठ आणि साखर सारखीच लागत होती.

निंगव्वा : मागंल की. जिभंला काय कळतंय? मी अक्कलकोटाकडनं पाल्याचा रस आनलाय, दोन येष्ट्या बदलून. वैद्य म्हनला, एकवीस दिवस तेल न्हाय, हळद न्हाय, आन दुसरी गोळी तर अजाबात न्हाय. म्हनून टेबलावरली पाकिटं मी उचलली.

मुक्ताबाई : कोणती पाकिटे?

निंगव्वा : ती गोळ्यांची. माझ्या पिशवीत हाईत.

मुक्ताबाई : निंगव्वा! ती पिशवी आण इकडे. आत्ताच्या आत्ता!

निंगव्वा : अय्यो, वरडतीस का? गल्लीभर कावीळ म्हनून तूच सांगितलीस. दिवाळीपासनं आमी शेजारीपाजारी ऊस आनतोय, मुळा आनतोय. समोरच्या बाळासोनं तर दारात उसाची मोळीच टाकली.

मुक्ताबाई : तो सगळा रस पिऊन माझी साखर वाढली. सयाजीने घोटभरही घेतला नाही.

निंगव्वा : मला येक कळंना. त्याचं डोळं पिवळं कुटं हाईत? परवा मी बगितले. पांढरेफेक!

सयाजी : सांग ना, आई. मावशीला सांग.

मुक्ताबाई : उठलास? आणि आंघोळसुद्धा केलीस!

सयाजी : अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय ना. पण एक सांगतो. आज मी मागच्या बोळानं जाणार नाही. तोंडाला रुमाल बांधून तर नाहीच. तसंच जायचं असेल, तर मी परत आत जाऊन पडतो.

निंगव्वा : काविळीला रुमाल कशाला रं?

मुक्ताबाई : बस, निंगव्वा. खाली बस. एकतीस वर्षे मी शाळेत खोटे बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभे केले. आज बाकावर मी उभी राहते. सयाजीला कावीळ नाही. कधीच नव्हती. त्याला नैराश्याचा आजार झाला आहे. चादरीच्या कारखान्यात जाणे राहू दे, सकाळी अंथरुणातून पाय जमिनीला टेकवणे त्याला जमत नव्हते. आम्ही जातो ते डॉक्टर मनाचे आहेत. तू पिशवीत घातल्यास, त्या गोळ्या त्यांच्याच आहेत. लोक वेडा म्हणतील म्हणून मी कावीळ म्हटले. काविळीला कोणी हसत नाही.

(निंगव्वा पिशवीतली पाकिटे काढून ताटाशेजारी ठेवते.)

निंगव्वा : आमच्या गुरुलिंगाला, माझ्या धाकट्या भावाला, आमी बारा वर्सं मूळव्याध म्हनत आलोय.

मुक्ताबाई : गुरुलिंगाला? म्हणून तो खोलीबाहेर...

निंगव्वा : येत न्हाय. व्हय. आन मूळव्याध बगाया कोन येतंय? आमाला बरंच पडलं.

सयाजी : मामांना घेऊन या की, मावशी. डॉक्टरांकडे त्यांचा नंबर मी लावतो. आजच लावतो.

निंगव्वा : तू? तुला फोन उचलाया जमत न्हवतं न्हवं?

सयाजी : आज जमेल. उद्याचं सांगता येत नाही.

मुक्ताबाई : उद्याचे उद्या! एका चांगल्या दिवसावर घाईने माडी बांधू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. नाही बांधणार. पण पायरी चढायला कोणाची हरकत? निंगव्वा, तो पाल्याचा रस मोरीत ओत आणि चपला घाल. आपण तिघे पुढच्या दाराने निघणार आहोत. भर गल्लीतून!

सयाजी : बाळासो कट्ट्यावर बसलेला असेल. विचारेल तो.

मुक्ताबाई : विचारू दे ना! जे आहे ते सांगेन. ऊस पुरे झाला म्हणावे, त्यापेक्षा संध्याकाळी येऊन माझ्या मुलाबरोबर पत्त्यांचा डाव मांड. तू आधी ताटावर बस. मोड भाकरी.

निंगव्वा : यव्वा! कसली कडाकडा वाजतीया!

सयाजी : आई...

मुक्ताबाई : काय झाले? घास जात नाही का? राहू दे बाळ, बळजबरी नाही. एवढा एकच...

सयाजी : मीठ कमी आहे.

मुक्ताबाई : काय? चाळीस वर्षांत माझ्या चटणीला नाव ठेवण्याची कोणाची छाती झालेली नाही, आणि तू...

सयाजी : खरंच कमी आहे.

मुक्ताबाई : निंगव्वा, ऐकलेस? त्याला मीठ कळले.