हातभर तुकडा

मासे धरायच्या गळ-काठ्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा होते, आणि शेजारी चाकांच्या खुर्चीत आजी.

“भाऊ, काठी लांब करायला मागून जोडायचा आखूड तुकडा द्या. हातभर लांबीचा.”

“अहो, घरी एक आहे ना?”

“पाणी आटलंय. तो जोडूनही रस्त्यावरून गळ चिखलातच पडतो.”

“मग चांगला लांब तरी घ्या.”

“त्याने काठी जड होते. खांदा भरून येतो माझा.”

“एवढा जीव शिणवण्यापेक्षा खाली पाण्याजवळ जाऊन बसा की! माझी खुर्ची राहील वर रस्त्यावर.”

“तिथून तुझं काही ऐकू येत नाही.”

“हल्ली मी बोलते कुठे?”

“कण्हतेस ना… भाऊ, तुकडा दाखवताय ना?”