जग संपल्यानंतरचा दुसरा भाग

तुम्ही बायकोला घेऊन सिनेमाला जाता, मी तिच्या बापाला घेऊन गेलो होतो. तेही लग्न ठरायच्या आधी!

मुलीचे वडील, काकाजी, अर्जुनीहून गोंदियाला मला पाहायला आले होते. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या गावात तलाव अन् बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, खोदल्या, पण माणूस बोलायला महाकंजूस. वेळ जाईना म्हणून त्यांना टॉकीजमध्ये नेलं. हिंदीत डब केलेला मारधाडीचा सिनेमा होता, जग बेचिराख झाल्यानंतरचा, अन् त्यातही दुसरा भाग. तिकिटं काढली अन् दोस्ताचा फोन आला, "अबे, तो कायले दाखवून राहिला? पेपरवाल्यायनं पार धुतला त्याले!"

पडद्यावर लोक घोटभर पाण्यासाठी एकमेकांच्या गाड्या उडवून राहिले होते अन् मी काकाजींचं तोंड पाहून राहिलो होतो. त्यांनी मध्यंतरात समोसाही खाल्ला नाही. म्हटलं, गेलं आपलं लग्न.

बाहेर येऊन ते थांबले. "का जी, पहिल्या भागातबी हे पान्यासाठीच भांडत होते?"

"हो, काकाजी."

"अन् दुसऱ्या भागापर्यंत एकानंबी बोडी खोदली नाही?"

मी घाबरत मान हलवली.

"तुमच्या घरी फावडा आहे?"

"नाही जी."

ते बसमध्ये चढले. मला रात्रभर झोप नाही.

लग्न झालं. आंदणात भांड्यांसोबत नवाकोरा फावडा आला. आम्ही दुसऱ्या माळ्यावर राहतो.