बोर्घिलला वाईट वाटू नये म्हणून

धुक्यामुळे फेरीबोट अडकली होती. धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात बोर्घिल वॅफल खात बसली होती. मागच्या बाकावर दोन अनोळखी म्हातारे मोबाइलवर मेल बघत बोलत होते.

"आलं बघ पुन्हा गायनमंडळाचं पत्र. टाकलं स्पॅममध्ये."

"अरे टोर्लेफ, खाली 'यादीतून नाव काढा' असं असतं. ते दाब की."

"नको रे बाबा. बोर्घिलला कळेल."

"कोण बोर्घिल?"

"पत्र लिहिणारी. शेवटी 'तुमचीच, बोर्घिल' असं लिहिते बिचारी. तिच्या तोंडावर दार कसं आपटायचं? स्पॅमचं काम कसं, गुपचूप."

"कसलं गुपचूप? तुझ्यासारखे चारजण निघाले की मेलवाल्यांना वाटतं, बाईच लबाड आहे. मग तिची पत्रं सगळ्यांच्याच स्पॅममध्ये. माझ्या बायकोला, सिग्नेला, नाताळच्या कार्यक्रमाचं कळलंच नाही."

"म्हणजे मी गेलो तेव्हा चर्च रिकामं होतं, ते..."

"तुझ्या भिडेपायी!"

बोर्घिलला ठसका लागला. त्या संध्याकाळी रिकाम्या बाकांपुढे गाताना तिला वाटलं होतं, आपलं गाणंच आता कुणाला नकोय. ती हसत मागे वळली.

"अहो, मीच ती बोर्घिल. खुशाल नाव काढा. मी मुळीच रागावणार नाही."

टोर्लेफ लालबुंद झाला. मग धीर करून म्हणाला, "नक्की ना? मग खरं सांगतो. गाता छान हो तुम्ही, पण पत्र फारच लांब असतं."

"आता मात्र रागावले," असं म्हणत बोर्घिल त्याच्याशेजारी येऊन बसली. "उघडा ते. काय काय गाळू, सांगा."