टाकीची परीक्षा

चहा घेताघेता ऐका. शिरूरच्या आमच्या शाळेत वेल्डिंग शिकणाऱ्या दहावीच्या वैष्णवीने हात धुण्याच्या पाण्याची टाकी जोडली होती. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले, म्हणून मी, शाळेचा जुना शिपाई, नव्या टाकीच्या पूजेचा नारळ फोडायला उचलला.

"आबा, थांबा."

"अगं, गुण मिळाले ना?"

"मला मिळाले. टाकीला कुठं मिळाले?"

तिने सांध्यावर बाहेरून खडू फासला आणि आतून रॉकेल लावले. खडूवर एक ओला डाग उमटला, म्हणजे सांध्यातून रॉकेल झिरपत होतं. सर्वांसमक्ष तिने स्वतःचा सांधा घासून काढला.

"सर, गुण कमी करा."

परीक्षकांनी ते केले. तिने सांधा पुन्हा जोडला. या वेळी खडू कोरडा राहिला.

चाळीस वर्षे शाळेतल्या प्रत्येक नव्या कामाचा नारळ मीच फोडत आलो. त्या दिवशी तिला फोडायला लावला.