वाचता येतंय ना?

...नाही, पण मी म्हणते, माणसाने टोनर वाचवावा, पण किती? तुम्हाला सांगते, बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मशीनवर टोनर संपल्याचा लाल दिवा लागला की बाबा कार्ट्रिज बाहेर काढणार, सुपात धान्य पाखडावं तसं हलवणार आणि परत आत घालणार! ‘बाबा, अहो मशीन सांगतंय...’ ‘ते परवापासून रडतंय. आपण का रडायचं?’ बरं, वाया गेलेली पूड, जी फेकायची असते हो, तीही चाळून पुन्हा आत! मग काय होणार? अक्षरं फिकट आणि कोरा कागद काळपट! गिऱ्हाईक बिचारं कागद उजेडात धरून बघतंय, तर बाबांचं ठरलेलं, ‘वाचता येतंय ना? मग झालं!’

त्यात आमच्या गल्लीतलं वाचनालय संध्याकाळी बंद करायचा घाट घातला नगरपालिकेतल्या वरच्यांनी. आता आमच्या घरात टेबल एक, त्यावर मशीनचे सुटे भाग. माझ्या धाकट्या बहिणीने अभ्यास कुठे करायचा, माझ्या डोक्यावर? भांड भांड भांडले, तेव्हा तिथले साहेब नाकातून म्हणाले, ‘शुक्रवारी पाचला येतो. वाचनालयाच्या हॉलमध्ये माणसं दिसली तर चालू ठेवू. नाहीतर कुलूप.’

मी पत्रक लिहिलं, शुक्रवारी पाचला सगळ्यांनी वाचनालयात या म्हणून. काय लिहिलं होतं! दगडाला घाम फुटावा असं! मशीनचं गडदपणाचं बटण पाचवर नेलं, कागद घ्यायला वळले, तोवर बाबांनी एकवर! मी पाच, बाबा एक, मी पाच... ‘बाबा, ही चळवळ आहे!’ ‘हो पुढारीणबाई, दम असेल तर फिकटही चालेल!’ तेवढ्यात आईने हाक मारली, गेले, मिनिटभरच हो... येते तर गठ्ठा तयार! कागद राखाडी, मजकूर राखाडी! पुन्हा काढावं तर टोनर आता खरंच संपलेला, कितीही पाखडा! ‘वाचता येतंय ना? मग झालं!’

चिकटवली तीच भिंतींवर. करते काय?

शुक्रवारी पाचला हॉलमध्ये कोण? मी, धाकटी आणि रिकाम्या खुर्च्या! साहेब आले, खुर्च्या बघितल्या, ‘लोकांना गरज दिसत नाही,’ म्हणाले आणि निघाले! मी रडकुंडीला येऊन बाहेर धावले, तर कोपऱ्यावर अख्खी गल्ली... भिंतीला नाकं लावून! कुणी चष्मा पुसतंय, कुणी मोबाईलचा उजेड पाडतंय, शिंपीकाका ओरडतायत, ‘पाच आहे हो! की सहा?’, मास्तर म्हणतायत, ‘वाचना... वाचनालय! मी म्हटलं नव्हतं?’ आणि मला बघून सगळे एका सुरात, ‘अगं, बरी आलीस! कुठे यायचंय तेवढं सांग, निघालोच!’

निघा! साहेबांची गाडी केव्हाच गेली!

आता धाकटी दुकानातच बसते. मशीनच्या झाकणावर वही ठेवून. गिऱ्हाईक आलं की उठते, गेलं की पुन्हा बसते. परवा दोन ट्यूबपैकी एक बाबांनी बंद केली. मी तोंड उघडणार, एवढ्यात धाकटीच वहीतून मान वर न करता म्हणाली, ‘राहू दे गं ताई... वाचता येतंय.’